एकशे बत्तिसावा दगड

सूर गावात, जिथे वाळवंट समुद्रात पाय सोडून बसतं,
तिथल्या राउंडअबाउटची आखणी माझी.
मध्यभागी पुढे सिमेंटचं गलबत येणार आहे, शिडासकट.
ते मागाहून.
आधी एक लोखंडी खुंटी, एकवीस मीटर नायलॉनची दोरी,
आणि दोरीच्या टोकाला मी, चुन्याची पिशवी घेऊन.

यंत्र होतं. उन्हानं त्याचा पडदा काळा पडला.
"राहू दे ते, दोरी आण," सुलेमान म्हणाला.
सुलेमान बिन राशिद, आमचा फोरमन.
याच्या बापानं गलबतं बांधली,
नकाशा कधी कागदावर उतरवला नाही.

दोरी ताणली, चालू लागलो.
मी गुरवाचा पोर, पाय आपसूक वळले
खुंटी उजव्या हाताला धरून.
"उलटा! उलटा चाल! गाड्या इकडून येणार."
मग पाणी पिताना सांगत बसला,
मक्केत तो असाच फिरला होता, सात वेळा,
घर डाव्या हाताला, काळजाच्या बाजूनं.
मी म्हटलं, आमच्यात देव उजवीकडे.
डाव्या हाताची कामं तुलाही ठाऊक आहेत.
तो इतका हसला की पाणी नाकात गेलं.

महादेवाला तर पुरी फेरीच नाही, मी सांगितलं.
अभिषेकाचं पाणी जिथून वाहतं ते सोमसूत्र,
ते ओलांडायचं नाही.
तिथवर जायचं, आल्या पावली परतायचं,
मग दुसऱ्या अंगानं पुन्हा तिथवर.
बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं.
लहानपणी विचारलं होतं, पुरी का नाही करायची?
तेलाचा हात पंचाला पुसत म्हणाले,
"पुरी झाली काय माणूस घराक जाता."

त्रिज्या एकवीस.
दोन गुणिले बावीस सप्तमांश गुणिले एकवीस.
सातानं भाग जातो, उरतात एकशे बत्तीस.
तोंडी हिशेब. आठवीतल्या बाई खूश झाल्या असत्या.
मीटर मीटर लांबीचे एकशे बत्तीस दगड मागवले,
मोफिजुल एकाला एक भिडवत गेला,
दुपारची सक्तीची सुट्टी धरून तीन दिवस.
एकशे एकतीस बसले.
शेवटचा बसेना.

पाच सेंटीमीटर, वर तीन मिलिमीटर.
मोफिजुल माझ्याकडे असा बघतो
जसे ते मीच खाल्लेत.
शाळेतला पाय खऱ्या पायापेक्षा
किंचित लांब निघाला, एवढंच.
सुलेमाननं टेप पुन्हा लावून पाहिला.
त्याचा मुलगा मस्कतला शिकतो,
त्यानं सांगितलंय म्हणे, या आकड्याला शेपूटच शेपूट आहे,
संपत नाही.
"आणि तू त्याला सिमेंटमध्ये बसवायला निघालास."

ग्राइंडर चालला. पांढरी धूळ तिघांच्या भुवयांवर.
कापलेली चकती मी खोलीवर आणली.
फोटोतला महादेव एका अंगाला कलायचा,
आता टेकू मिळालाय.

रात्री ऋजुताचा फोन.
बाबा, स्पर्शिका म्हणजे काय, बोलून दाखव, उद्या तोंडी आहे.
म्हटलं, वर्तुळाला एकाच ठिकाणी टेकते
आणि सरळ निघून जाते.
ती थोडा वेळ गप्प.
"जूनमध्ये तीसच दिवस ना?"
मी म्हटलं, त्रिज्येशी काटकोन करते, हेही लिही,
त्याला एक मार्क असतो.

खुंटी उपटली. भोकात वाळू भरली,
आता कुणाला सापडायचं नाही
कुठून मोजलं होतं.
रस्ता अजून उघडलेला नाही. दिवे लागलेत.
मी दगडांच्या कडेनं चालत बघतो,
कापलेल्या दगडाशी पावलं थबकतात, वळतात.
आणि वळल्यावर ध्यानात येतं,
ओसाड मधली जागा आता माझ्या डाव्या हाताला आहे.

म्हणजे बाबाही.
आयुष्यभर, रोज, अर्धा वेळ
सुलेमानच्याच दिशेनं चालत होते.